निकाल बघताय? आधी वर्गात डोकवा!

दौंडच्या स्टँडवरून बारामतीची एसटी सुटली आणि नेहमीप्रमाणे कुरकुंभ मोरीत अडकली. पुढे ट्रॅक्टर, मागे टेम्पो. माझ्या शेजारी एक बाई बसली होती. वय असेल अठ्ठावीस-तीस. मांडीवर पिशवी, पिशवीवर सात-आठ वर्षांची पोरगी. कंडक्टरकडून अर्धं तिकीट घेताना तिनं कुरकुंभ सांगितलं. मी पुस्तक काढलं, तशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. एक विचारू का?"

"विचार की."

"आमी तिकडं बीडकडचं. मालक एमआयडीसीत लागलेत, दिवाळीच्या आधी आलो. हिला दुसरीत घालायचीय. झेडपीच्या शाळेत घालावी का विंग्लीश मिडीयमला? शेजारीण म्हणती झेडपीचा निकाल काय खरा नाही. फी भरायची तर माझं डोरलं मोडावं लागंल. कुठली शाळा चांगली हो?"

मैत्रिणींनो, खरं सांगू? मला उत्तर देता येईना. वर्षानुवर्षं या ना त्या निमित्तानं शाळांवर लिहिणारी मी गप्प बसले. कारण तिच्या प्रश्नाआधी मला माझाच एक जुना निर्णय आठवला. माझा धाकटा तिसरीत असताना मी त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घातलं होतं. कारण काय, तर शेजारच्या तीन घरांतली मुलं गेली होती. बाईंबद्दल तक्रार नव्हती, शाळेबद्दल नव्हती. "आता तिथं कोण उरलंय?" एवढंच मी नवऱ्याला म्हटलं होतं. ते वाक्य तेव्हा मला अगदी साधं वाटलं होतं. आज ते टोचतं.

शाळा तीच, मुलं बदलली

कुरकुंभ ज्यांनी पाहिलंय त्यांना चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. एकीकडे फिरंगाई देवीचं जुनं ठाणं, दुसरीकडे पुणे-सोलापूर महामार्गाची अखंड वर्दळ आणि रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी. दौंड-बारामती रस्ता इथंच महामार्गाला छेदतो. गावची जुनी घरं, वाड्या-वस्त्यांवरची शेतकरी कुटुंबं, आणि कामासाठी बाहेरून आलेली माणसं. कारखान्यांचा पट्टा आला की भाड्याच्या खोल्या येतात, आणि खोल्यांमधून मराठवाड्यातली, विदर्भातली, उत्तर प्रदेश-बिहारकडची कुटुंबं येतात. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर परप्रांतातले कामगार, वीटभट्ट्यांवर आणखी कुठले कुठले. दसरा-दिवाळी झाली की उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन आलेली ही जोडी पहाटे फडात जाते, आणि कोपीजवळ धाकट्या भावंडाला सांभाळत बसते ती त्यांची आठ-नऊ वर्षांची लेक.

आता विचार करा. अशा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कोण असतं आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोण होतं? तेव्हा सरपंचाचा मुलगा, तलाठ्याची मुलगी, दुकानदाराचा नातू आणि शेतमजुराचं पोर एकाच पट्टीवर बसायचं. गुरुजींनी फळ्यावर काय लिहिलं याची चौकशी करणारे चार पालक गावात असायचे. मग पिवळ्या बस आल्या. ज्यांना परवडत होतं ते गेले. ज्यांना परवडत नव्हतं तेही कर्ज काढून गेले. मागे राहिली ती ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नाही त्यांची मुलं. आणि रिकाम्या झालेल्या जागांवर येऊन बसली ती कालपरवा गावात आलेल्यांची मुलं. घरात मराठी न बोलणारी, वर्षातून दोनदा शाळा बदलणारी, कधी शाळेचं तोंडच न पाहिलेली.

शाळेची इमारत तीच, पाटी तीच, बाईसुद्धा कदाचित त्याच. पण वर्ग अख्खा बदलला. आणि आपण मात्र निकालाचा आकडा बघून म्हणतो, "शाळा घसरली."

चुलीवरचं गणित

हा आकडा कसा फसवतो ते आपण घरच्या हिशोबानं बघू. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, कुठल्या शाळेचे नाहीत.

समजा, एका वर्गात ३० मुलं आहेत. त्यातली १५ मुलं नीट वाचतात. म्हणजे निम्मी. जूनमध्ये वाचणाऱ्यांपैकी १० मुलांना पालकांनी इंग्रजी शाळेत घातलं. उरली २०, त्यात वाचणारी ५. म्हणजे निम्म्याची पाव झाली. बाईंनी शिकवण्यात काही कमी केलं का? नाही. दिवाळीनंतर ५ नवी मुलं आली, एकालाही वाचता येत नाही. आता २५ मुलांत वाचणारी ५, म्हणजे पाचातलं एक. एकही मूल मागे गेलेलं नाही, तरी वर्गाचा आकडा कोसळला!

आता त्या बाईंनी वर्षभर घाम गाळला आणि आणखी ८ मुलांना वाचायला शिकवलं. वर्षाअखेर २५ पैकी १३ वाचतात. आकडा आला ५२ टक्के. शेजारच्या शाळेत ३० मुलं. प्रवेश देतानाच त्यातल्या २८ जणांना वाचता येत होतं, वर्षाअखेरही २८ जणांनाच येतं. त्यांचा आकडा ९३ टक्के.

सांगा बरं, जास्त कोणी शिकवलं? ९३ वाल्या शाळेनं एकही नवं मूल वाचतं केलं नाही, ५२ वाल्या शाळेनं आठ केली. पण गावात मिरवणूक कोणाची निघते?

निवडलेल्या तांदळाचा भात मोकळा होतो यात सुगरणीचं कौतुक थोडंच. रेशनचा, खडे असलेला, तुकडा तांदूळ घेऊन जी चार घास गोड करून वाढते ती खरी सुगरण. शाळेचंही तसंच आहे. तांदूळ कुठला आला हे न विचारता आपण नुसता भात बघतो.

अभ्यासकांनी काय पाहिलं?

ही काही माझ्या एकटीच्या मनातली समजूत नाही. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली लाखो विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शाळेची इमारत, ग्रंथालय, साहित्य यांपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि वर्गातले सोबती यांचा गुणांशी जास्त संबंध दिसतो, असा तिचा निष्कर्ष होता. त्यावरून बरीच वर्षं वाद झाले. पण शाळांची तुलना करताना मुलं कुठल्या घरातून येतात हे बघावंच लागतं, हे तेव्हापासून सगळ्यांनी मान्य केलं.

आपल्याकडचा दाखला तर आणखी जवळचा. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ पासून तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या १८० खेड्यांत एक मोठा प्रयोग केला. सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांकडून अर्ज मागवले आणि सरळ चिठ्ठ्या काढल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्या मुलांची खासगी शाळेची फी भरली. ज्यांची निघाली नाही त्यातली बहुतेक सरकारी शाळेतच राहिली. म्हणजे दोन्हीकडची मुलं सारख्याच घरांतली.

चार वर्षांनी दोन्ही गटांची परीक्षा घेतली. काय निघालं? मातृभाषा तेलुगूत आणि गणितात दोन्ही गट सारखेच! खासगी शाळेतली मुलं हिंदीत मात्र बरीच पुढे होती, कारण तिथं हिंदीला वेळ दिला जात होता. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एरवी खासगी शाळेची मुलं हुशार दिसतात त्यातला बराचसा वाटा शाळेचा नसून घराचा असतो, हे त्यातून स्पष्ट झालं. अर्थात दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या खासगी शाळा हे काम सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात करत होत्या. तेव्हा खासगी शाळांना नावं ठेवायचं कारण नाही. डोरलं मोडण्याआधी विचार करायला मात्र नक्की आहे.

पण म्हणून सगळं माफ नाही

इथं एक धोकाही आहे. "आमच्याकडे येणारी मुलंच अशी, आम्ही काय करणार?" हे वाक्य शाळांच्या तोंडी फार लवकर बसतं. परिस्थिती समजून घेणं वेगळं आणि परिस्थितीमागे लपणं वेगळं. गरिबाच्या पोराला शिकवायला जास्त कष्ट पडतात हे खरं. पण म्हणून त्याला कमी शिकवलं तरी चालेल, असं कसं होईल? उलट त्याच्या घरी ट्यूशन नाही, पुस्तकांचं कपाट नाही. त्याला शाळा सोडून आहे कोण?

'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. गावोगावी घरी जाऊन मुलांसमोर साधा उतारा ठेवतात आणि वाच म्हणतात. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो? २०१८ मध्ये २०.९ टक्के. मग कोरोना आला. आपल्या राज्यात मार्च २०२० मध्ये बंद झालेले ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. वीस महिने! ज्यांच्या घरी एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर, त्यांची पाटी कोरी झाली. २०२२ मध्ये आकडा १६.३ टक्क्यांवर आला. आणि २०२४ मध्ये? २३.४ टक्के. कोरोनाच्या आधी होता त्याच्याही वर.

म्हणजे अर्थ दोन निघतात. पहिला, चारातल्या तीन मुलांना अजून येत नाही, ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे. दुसरा, मनावर घेतलं तर दोन वर्षांत फरक पडतो. २०२१ मध्ये देशात 'निपुण भारत' कार्यक्रम सुरू झाला. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हाच त्याचा भर. मुलं त्याच घरांतली राहिली, तरी आकडा वर गेला. तेव्हा घर सगळं ठरवतं असंही नाही.

भाकरी, रोटी, बाटी

हे सगळं डोक्यात घेऊन मी दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत गेले. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाईंनीच "नाव नको" म्हटलं.

भिंतीवर एक मोठा तक्ता होता. भाकरीचं चित्र, आणि खाली तीन शब्द : भाकरी, रोटी, बाटी. "बाटी?" मी विचारलं. "बंजारा मुलं भाकरीला बाटी म्हणतात," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मूल आलं की मी चित्र दाखवते आणि विचारते, तुझ्या घरी याला काय म्हणतात? त्याचा शब्द भिंतीवर लिहिला की ते मूल दुसऱ्या दिवशी परत येतं. नाही लिहिला तर कधी कधी येतच नाही."

त्या वर्गात एक मुलगी मागच्या कोपऱ्यात न बसता बाईंच्या टेबलाजवळ बसली होती. दिवाळीनंतर टोळीबरोबर आलेली. दहा वर्षांची, म्हणजे वयानं चौथीतली, पण अक्षरओळख पहिलीची. "कायद्यानं तिला वयाच्या वर्गातच बसवायचं," बाई सांगत होत्या. "पहिलीतल्या पोरांत बसवलं तर ती लाजून येणार नाही. मग दुपारी अर्धा तास तिला वेगळं घेते. मार्चमध्ये टोळी जाईल. तोवर तिचं नाव तिला लिहिता आलं पाहिजे आणि बाराखडी झाली पाहिजे. माझ्या निकालात ती मोजली जाणार नाही. जूनमध्ये मला पुन्हा नवी मिळेल."

जाताना मी त्या मुलीला विचारलं, "शाळा आवडते का?" ती म्हणाली, "हितं खिचडी गरम असती." मी हसले. पण मग वाटलं, हसण्यासारखं काय आहे त्यात? पोटात गरम अन्न पडल्याशिवाय बाराखडी डोक्यात शिरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, ते उगाच नाही.

हे काही आजचंच नाही

कुरकुंभपासून लांब नाही, याच दौंड तालुक्यात केडगाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' उभी केली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यानंतरच्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. आलेल्यांची भाषा वेगळी, जात वेगळी, अंगावर धड कपडा नाही, अक्षराशी गाठ नाही. आजच्या मोजपट्टीनं बघितलं तर त्या शाळेचा पहिला निकाल काय लागला असता? शून्य! पण तिथं शेकडो मुली वाचायला शिकल्या, छपाईची, विणकामाची कामं शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघरमध्ये) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला कामाला सुरुवात केली आणि पुढं ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जायची. मग त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली! तिला नावही दिलं 'कुरणशाळा'. मुलं जशी आहेत, जिथं आहेत, तिथून शिकवायला सुरुवात करायची, हे आपल्याच बायकांनी दाखवून दिलेलं आहे.

गाव शाळेत आलं की

आता अगदी ताजं उदाहरण. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगर नावाची छोटी वस्ती आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी बंद पडायच्या बेतात होती. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेमुळं राज्यभर ओळखले गेलेले दत्तात्रय वारे गुरुजी तिथं आले, गावकरी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तिथं 'विषयमित्र' नावाची पद्धत आहे. मुलंच एकमेकांना शिकवतात, लहान-मोठा भेद नाही. २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांना दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांत या शाळेला लोकांच्या मतांनी निवडला जाणारा 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कार मिळाला. झेडपीची शाळा, बरं का!

गुरुजी चांगले असले की सगळं होतं, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण गुरुजी एकटे काय करणार? शाळेला विचारणारं, शाळेसाठी भांडणारं कोणीतरी लागतं. जे पालक बोलू शकत होते तेच निघून गेले, हे झेडपीच्या शाळेचं खरं दुखणं आहे. माझ्यासारख्या बायका निघून गेल्या. मुलं कमी झाली त्यापेक्षा हे नुकसान मोठं.

आणि इथंच कायद्यानं आपल्या हातात एक किल्ली दिलीय, जी बहुतेक जणींना माहीतच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. निम्म्या बायका हव्यात. आणि वंचित, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. म्हणजे वर्गात जर खोल्यांमधल्या, कोप्यांमधल्या घरांची मुलं असतील, तर समितीतही त्यांची आई बसली पाहिजे. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. पण बऱ्याच ठिकाणी रजिस्टरवर सही घरी येऊन घेतली जाते आणि आपण चहा करत करत करून टाकतो! पुढच्या वेळी सही करण्याआधी विचारा, "सभा कधी झाली? मला का नाही बोलावलं?"

चौकट : शाळा निवडताना आणि निवडल्यावर

• निकाल किती लागला हे विचारण्याआधी विचारा : जूनमध्ये किती मुलांना वाचता येत होतं आणि आता किती जणांना येतं?

• नवीन आलेल्या मुलाला कुठं बसवतात ते डोळ्यांनी बघा. मागच्या बाकावर की बाईंजवळ? त्यावरून शाळा कळते.

• एका वर्गाला एक शिक्षक आहे का? कायद्यानं पहिली ते पाचवीत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा.

• जन्मदाखला नाही, दाखला आला नाही, वर्ष अर्धं संपलं, अशी कारणं सांगून प्रवेश नाकारता येत नाही. कागद नंतर येतील, मूल आज बसवून घ्या म्हणावं.

• गाव सोडून कामाला जाणार असाल तर जाण्याआधी शाळेत सांगा. शिक्षण हमी पत्रक मागा. नव्या गावच्या शाळेत ते दाखवलं की मुलाचं शिक्षण तुटत नाही.

• पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या मुलाला २०२३-२४ पासून पुन्हा परीक्षा द्यावी लागते. त्यातही नापास झालं तर ते त्याच वर्गात राहू शकतं. तेव्हा "सगळ्यांनाच पास करतात" या भरवशावर राहू नका. चौथीतच लक्ष द्या.

• घरची परीक्षा : तिसरीतल्या मुलासमोर दुसरीचं पुस्तक उघडा, मध्येच एक उतारा काढा. अडखळत वाचतं की वाक्य सलग म्हणतं? वाचून झाल्यावर विचारा, "काय होतं त्यात?" मग ४३ मधून १८ वजा करायला सांगा. पाच मिनिटांत कळेल ते वर्षाच्या प्रगतिपुस्तकातून कळत नाही.

तर, तिला काय सांगितलं?

त्या दिवशी मोरी सुटली आणि एसटी कुरकुंभच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी तिला म्हटलं, "अगं, डोरलं मोडू नकोस. आधी झेडपीच्या शाळेत जाऊन ये. बाहेर उभी राहू नकोस, वर्गात डोकाव. बाई पोरांशी कशा बोलतात ते ऐक. मग ठरव."

ती म्हणाली, "मला लिहिता-वाचता येत नाही ताई. मला काय कळणार?"

मी म्हटलं, "पोरगी वाचायला लागली की नाही हे ऐकायला आईला वाचता यावं लागत नाही. तिला रोज रात्री पुस्तक मोठ्यानं वाचायला लाव. रेल्वेचा डबा रुळावरून जातो तसं सलग आलं की समज, शाळा चांगली. खडखड आलं की जाऊन विचार."

मांडीवरची पोरगी आमच्याकडे टकामका बघत होती. कुरकुंभला दोघी उतरल्या. मला वाटलं, संपलं.

दोन-अडीच महिन्यांनी दौंडच्या बाजारात तीच भेटली. हातात मेथीची जुडी. तिनंच ओळखलं. "ताई, घातली झेडपीत," म्हणाली. मी विचारलं, "वाचते का?" तर हात हलवून म्हणाली, "अजून खडखड. पण डबा निघालाय." मग जरा जवळ येऊन, "आन् काल सभेला बोलावलं होतं शाळेत. धा-बारा जण होते. बोलायचं कुणाला तर सगळे गप. मग मीच उठले."

"काय बोललीस?"

"म्हटलं, नवी पोरं आली की त्यास्नी मागं बसवू नका. पुढं बसवा. माझी पोरगी पुढं बसली म्हणून तिला कळाया लागलं."

मेथीचे पैसे देऊन ती गेली. मी मात्र तिथंच उभी राहिले. "आता तिथं कोण उरलंय?" असं मी काही वर्षांपूर्वी म्हटलं होतं. त्याचं उत्तर मेथीची जुडी घेऊन माझ्यासमोरून चाललं होतं. माझा मुलगा आता मोठा झाला, त्याच्यासाठी मी त्या शाळेत परत जाऊ शकत नाही. पण माझ्या घरापासून चार पावलांवर जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. तिच्या पुढच्या सभेची तारीख मी विचारून आलेय. मूल नसलं तरी गावातल्या बाईला सभेला येऊन बसता येईल का, असं मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "या की ताई, खुर्च्या रिकाम्याच असतात."

मैत्रिणींनो, तुमच्या गावातल्या शाळेतही असतील. एकदा जाऊन बसा.